लस, धाकटी आणि मी

२ मार्च

थायरॉइड ताळ्यावर आला! सहा वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरबाईंच्या तोंडून "छान" ऐकलं. मी लगेच पर्स उचलून उभी राहिले. त्या म्हणाल्या, "बसा, अजून माझं व्हायचंय."

तर रक्तात रुबेलाविरुद्ध काहीच शिबंदी नाही. लहानपणी लस राहून गेली असणार. रुबेला म्हणजे जर्मन गोवर. मोठ्या माणसाला झाला तर थोडा ताप, अंगावर पुरळ, आला कधी गेला कधी कळतही नाही. पण दिवस गेल्यावर सुरुवातीच्या महिन्यांत झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय — बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. म्हणून आधी लस. आणि लस घेतली की महिनाभर थांबायचं. मग खुशाल.

महिना! सहा वर्षं थांबलेली बाई मी, महिना म्हणजे किस झाड की पत्ती.

जिना चढायच्या आधी दुकानातच सगळ्यांना सांगून टाकलं. हे आणि भाऊजी सोफ्याच्या सांगाड्याला पट्टे ठोकत होते. ह्यांनी हातोडी खाली ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे महिनाभर मी माळ्यावर झोपायचं का?" भाऊजी हसून हसून वाकले. लाज म्हणून नाही दोघा भावांना.

सासूबाई वरून ओरडल्या, "काय झालं, कोण पडलं?" — त्यांना हसण्याचा आवाज आला की कुणीतरी पडलंय असंच वाटतं.

४ मार्च

घेतली लस. आणि एकटीने नाही — धाकटीलाही, म्हणजे माझ्या जावेला, घेऊन गेले!

त्याचं असं झालं. निघताना ती मशीनवर बसली होती. सभागृहाच्या पडद्यांचं काम चालू आहे, चुण्याच चुण्या. तिच्या तोंडात नेहमीप्रमाणे टाचण्या. दहा-बारा तरी असतात, ओठांत धरून ठेवते आणि एकेक काढून कापडाला लावते. मी म्हटलं, "धाकटे, तू घेतली आहेस का गं ही लस?" तिने खांदे उडवले. म्हणजे माहीत नाही. म्हटलं मग चल की, एका फेरीत दोघींचं काम. तिने टाचण्या गादीला टोचल्या नि आली. बिचारी कशाला नाही म्हणत नाही.

नर्सबाईंनी बाकावर शेजारी शेजारी बसवलं. विचारलं, ताप आहे का, कसली ॲलर्जी, दिवस गेलेत का. मी म्हटलं, "नाही हो, दोघींचंही नाही." आमचं दुकानात असंच चालतं. गिऱ्हाईक धाकटीला विचारतं, पडदा कधी मिळेल? तिच्या तोंडात टाचण्या. मी सांगते, गुरुवारी. गिऱ्हाईक विचारतं, अस्तर लावलंय का? मी सांगते, लावलंय. आठ वर्षांत कुणाचं काही अडलं नाही.

टोचताना मी डोळे मिटले. धाकटीने मिटले नाहीत, सुईकडे नीट बघत होती. सुयांचं तिला काय नवल!

येताना दोघींनी आइस्क्रीम खाल्लं.

५ मार्च

दंड दुखतोय. कात्री धरवत नाही. तरी खूश.

९ मार्च

पाळी आली. आली म्हणजे काय, दर्शन देऊन गेली. नुसता डाग. गोळ्या बदलल्या की असं होतं, बाई मागे म्हणाल्याच होत्या.

ह्यांनी मांजराच्या पिल्लासारखं तोंड करून विचारलं, अजून किती दिवस? म्हटलं, माळा झाडून ठेवलाय.

खरं म्हणजे मला हे थांबणं आवडायला लागलंय. इतकी वर्षं नुसती वाट बघायची, कशाची ते ठाऊक नाही, कधी ते ठाऊक नाही. आता निदान वाट बघायला तारीख आहे. रस्त्यात बाळाची गाडी दिसली की मी हल्ली नजर फिरवत नाही. चांगली वाकून बघते. काल एक आई तर घाबरून गाडी जोरात ढकलत निघून गेली.

२० मार्च

आधी बातमी.

धाकटीला दिवस गेलेत.

सकाळी मशीनवरून उठली ती मोरीकडे पळाली. दुसऱ्यांदा पळाली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मीच औषधाच्या दुकानात जाऊन चाचणीची पट्टी आणली. कपाटात माझ्या तीन पडून होत्या, पण म्हटलं माझ्यातली नको, त्या पनवती आहेत. दोन रेघा. मी तिला मिठी मारली, गोल फिरवली, सासूबाईंना हाका मारल्या — कुणी पडलेलं नाही, लवकर या!

हेवा वाटला. हो, वाटला. इथे नाही लिहायचं तर कुठे लिहायचं? मोरीचं दार लावून थोडं रडले, तोंड धुतलं, बाहेर आले आणि पुन्हा नाचायला लागले. दोन्ही खरं होतं.

आणि मग जेवताना सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "कधीपासून गं?" धाकटी म्हणाली, "पाळी फेब्रुवारीअखेर यायची होती. आलीच नाही."

घास हातात राहिला. लस चार मार्चला घेतली.

मी तिच्याकडे बघितलं. तीही माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "तेव्हा चार-पाच दिवस वर गेले होते, ताई. माझं पुढेमागे होतं नेहमी. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

विचारलं होतं की. नर्सने तिलाच विचारलं होतं. उत्तर मी दिलं.

उचलली जीभ लावली टाळ्याला. आई म्हणायची मला लहानपणापासून. आज कळलं का म्हणायची.

२१ मार्च

भाऊजी सकाळपासून फोनमध्ये डोकं घालून. एकामागून एक व्हिडिओ. एक माणूस पांढरा कोट घालून ओरडत होता, जिवंत विषाणू, जिवंत विषाणू! नंतर कळलं तो केसांचं तेल विकतो. पण भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं ते पळालंच. दुपारी हातोडी घेऊन ठोकत बसले, आणि ठोकायला काही नव्हतंच, ती खुर्ची कालच तयार झालीय.

संध्याकाळी म्हणाले, "वहिनी, तुमच्यावर राग नाही. पण हे राहू दे. काढून टाकू. पुढचं होईल, वय आहे आमचं."

पुढचं होईल. माझ्यासमोर म्हणाले. मी एवढंच म्हटलं, "आधी डॉक्टरांना विचारू."

धाकटी मशीनवर. तोंडात टाचण्या. सभागृहाचे पडदे पुढच्या शनिवारी द्यायचेत.

रात्री हे म्हणाले, "तू मुद्दाम केलंस का? नाही ना? मग झोप." झोप कसली येतेय.

२२ मार्च

रविवार, दवाखाना बंद. दिवस नुसता सरपटतोय.

सासूबाईंनी एकदाच तोंड उघडलं. म्हणाल्या, "माझ्या बहिणीला तो गोवर झाला होता, पोटुशी असताना. खराखुरा जर्मन गोवर. मुलगी झाली, तिला ऐकू यायचं नाही. तेव्हा लस असती तर रांगेत पहिली उभी राहिली असती माझी बहीण. तुम्ही लशीलाच भ्यायला लागलात." आणि कांदा चिरायला लागल्या. ह्या मावशींच्या मुलीला मी लग्नात बघितलं होतं. मला वाटायचं ती मितभाषी आहे.

भाऊजी म्हणाले, "पण आई, लशीत तोच विषाणू असतो." सासूबाईंनी दुसरा कांदा घेतला. मी सोमवारची वाट बघतेय.

२३ मार्च

सगळं लिहिते. एक शब्द गाळणार नाही.

चौघं गेलो — धाकटी, भाऊजी, मी, आणि रिक्षा मिळेना म्हणून टेम्पो घेऊन हे. मागे एक कोच तसाच होता, भाऊजी त्यावरच बसून आले.

आत गेल्या गेल्या भाऊजी म्हणाले, "आम्ही ठरवलंय. काढायचंय."

आणि मी — मी ठरवून गेले होते की गप्प बसायचं. पण "आम्ही" ऐकलं आणि राहवलंच नाही. म्हटलं, "कुणी ठरवलंय? हिने ठरवलेलं नाही! हिला हवंय!" भाऊजी म्हणाले, तिला काय कळतंय. मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय, तेलवाल्याचे व्हिडिओ बघता. डॉक्टरबाई नुसत्या बघत होत्या, एकदा ह्या तोंडाकडे, एकदा त्या.

तेवढ्यात धाकटी म्हणाली, "दोघंही गप्प बसा जरा."

मोठ्याने नाही म्हणाली. पण आठ वर्षांत तिच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. आम्ही बसलो गप्प. ती डॉक्टरबाईंना म्हणाली, "मला सांगा. मला एकटीला सांगितल्यासारखं सांगा. ह्यांना ऐकायचं असेल तर ऐकू दे."

बाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. म्हणाल्या, ही लस जिवंत विषाणूची आहे हे खरं, पण तो विषाणू दुबळा केलेला असतो. तरीही गरोदर बाईला मुद्दाम देत नाहीत, महिनाभर थांबायला सांगतात, ते जास्तीची खबरदारी म्हणून. पण तुमच्यासारख्या नकळत घेतलेल्या पुष्कळ बायका असतात. अशा कितीतरी जणींवर अनेक देशांत लक्ष ठेवलं गेलं, त्यांची बाळं तपासली गेली. खरा रुबेला झाल्यावर बाळात जो दोष येतो, तो लशीमुळे आलेला एकाही बाळात आढळलेला नाही. "म्हणून एवढ्या कारणासाठी गर्भ काढा असं कुठलाच जाणता डॉक्टर सांगणार नाही."

धाकटीने विचारलं, "शंभर टक्के?"

बाई म्हणाल्या, "शंभर टक्के मी कुणालाच सांगत नाही. लस घेतलेलीला नाही, न घेतलेलीलाही नाही. कुठल्याही बाळाचं काहीही होऊ शकतं. पण ह्या लशीला भिऊन हे बाळ सोडू नका, हे मी ठामपणे सांगते."

धाकटी बाहीला राहिलेली टाचणी काढायला लागली. मला वाटलं आता मला बोलावं लागेल. जीभ दातांखाली दाबून धरली, अक्षरशः, अजून दुखतेय.

मग ती म्हणाली, "मला ठेवायचंय."

भाऊजींनी मान खाली घातली. मी रडायलाच लागले. बाईंनी रुमाल दिला — मला, तिला नव्हे.

लगेच सोनोग्राफी केली. हृदय टुकटुक टुकटुक. एवढासा तो ठिपका आणि काय घाई त्याला! भाऊजी म्हणाले, "आवाज वाढवता येतो का?" तिघी हसलो, मग तेही हसले, आणि मग ते बाहेर जाऊन टेम्पोतल्या कोचावर बराच वेळ बसले.

२६ मार्च

धाकटीची माफी मागितली. भाषण तयार केलं होतं मोठं. पहिल्याच वाक्याला म्हणाली, "ताई, टाचण्या तर मीच तोंडात धरते ना? कुणी कोंबल्यात का?"

मग म्हणाली, "काढून ठेवल्या तरी चुण्या घालता येतात मला." आणि डबा पुढे सरकवला. तेव्हापासून ती बघावं तेव्हा बोलतेय. गिऱ्हाइकाला म्हणाली, गुरुवारी मिळणार नाही, मी दमलेय, सोमवारी या. गिऱ्हाईक मुकाट्याने गेलं. मी काउंटरमागे तोंडात मारल्यासारखी उभी.

३० मार्च

पुन्हा सुई! ह्या वेळी फ्लूची. भाऊजी पुन्हा पांढरे पडले — "आता कशाला? एक झाली तेवढी पुरे नाही का?"

बाई म्हणाल्या, ती वेगळी, ही वेगळी. ह्या इंजेक्शनात जिवंत विषाणू नसतोच. ही तर दिवस गेल्यावर घ्यावीच, आईला फ्लू झाला तर तो साध्या सर्दीसारखा जात नाही, आणि आईने घेतली की जन्मल्यावर पहिले काही महिने बाळालाही तिची ढाल मिळते. सातव्या-आठव्या महिन्यात डांग्या खोकल्याचीही देणार आहेत, तीही बाळासाठीच. धनुर्वाताची त्यातच असते.

नर्सबाई तीच. प्रश्नही तेच. ताप आहे का, ॲलर्जी आहे का. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिने, शहाणी झाली. धाकटी म्हणाली, "दिवस गेलेत. आठवा आठवडा. फ्लूची द्या, ती चालते. दुसरी नको." खणखणीत.

मी बाकाच्या टोकाला बसून बोटांची नखं बघत होते. शेजारच्या बाईने विचारलं, तुमची बहीण का? म्हटलं, "तिलाच विचारा."

४ एप्रिल

संपला महिना!!

हे माळ्यावरून उतरले. (गेलेच नव्हते, पण आज उशी काखेत घेऊन जिन्यावरून उतरून दाखवलं. सासूबाईंसमोर. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.)

१२ एप्रिल

सभागृहाचे पडदे लागले. बघायला गेलो सगळे. धाकटी मधल्या रांगेत बसून म्हणाली, डावीकडची चौथी चुणी तिरकी आहे. कुणालाच दिसत नाही, तिला दिसते. भाऊजी शिडी आणायला निघाले. महिन्यापूर्वी भाऊजीच म्हणाले असते, राहू दे, कुणाला कळतंय.

मला मात्र तिथल्या रंगाचा वास सोसेना. लवकर निघाले.

२० एप्रिल

लिहू की नको? लिहितेच.

दोन रेघा.

माझ्या. माझ्या त्याच जुन्या, पनवती पट्ट्यांतल्या एकीवर. मग दुसरीवर. मग तिसरी होती तीही वापरून टाकली, ठेवून काय करायची. तिन्हींवर दोन दोन!

महिना संपला आणि लगेच. नियमाने वागलं की असं होतं, म्हटलं ह्यांना. हे मोरीच्या उंबऱ्यावर बसले आणि तीनही पट्ट्या रांगेत मांडून बघत राहिले, मग उलट्या क्रमाने मांडून बघितल्या. मग म्हणाले, "रेडिओ" (मला रेडिओच म्हणतात हे), "आता बातमी सांग की सगळ्यांना." पण रेडिओ बंद पडला होता. सहा वर्षं ही बातमी पाठ करून ठेवलेली, आणि ऐन वेळी पहिलाच शब्द आठवेना.

धाकटीने माझं तोंड बघूनच ओळखलं. मशीन थांबवलं, कापड बाजूला सारलं, आली आणि माझ्या कमरेला घट्ट धरून उभी राहिली. दोघींची पोटं मध्ये. म्हणजे तिचं थोडंसं, माझं जेवणाचं.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमचं बरं आहे, लस आधी, महिना थांबून, सगळं कसं शिस्तीत. काळजीच नाही." मी मान डोलावली. खरंच, माझं सगळं शिस्तीत. सुटले बाई. धाकटीने जे तीन दिवस काढले ते मला काढावे लागणार नाहीत, असं मनात आलं, आणि आलं त्याची लाजही वाटली.

गुरुवारी सोनोग्राफी. तोवर मी जिवंत राहिले तर मिळवली.

२३ एप्रिल

हृदय टुकटुकतंय. पण बाईंनी मोजमाप घेतलं, पुन्हा घेतलं, म्हणाल्या, "हे तर दहा आठवड्यांचं आहे."

म्हणजे मार्चमधली ती पाळी नव्हतीच. म्हणजे एप्रिलमधलं नाहीच हे.

मला सगळं माहीत आहे. बाईंचा शब्द न् शब्द पाठ आहे, दुसऱ्याला समजावताना चुकत नाही. तरी पुन्हा पुन्हा दिवस मोजतेय. धाकटी पलंगावर माझ्या शेजारी आडवी आहे, हात सोडत नाही, लिहितेय ते डाव्या हाताने.

चार मार्चला त्या बाकावर आम्ही दोघी नव्हतोच. चौघं होतो.